माडाच्या शेंड्यावरून : इस्रोच्या कार्याची ओळख

१९७० च्या सुमारास केरळच्या किनाऱ्यावर माडांवर मर रोग पडला होता. रोग मुळाशी सुरू होई, वर झावळ्या मलूल पडत, फळधारणा कमी होत जाई आणि बागायतदाराला कळेपर्यंत बागेचा मोठा भाग हातचा गेलेला असे. माड उंच, बागा दाट. खाली उभं राहून शेंडे किती दिसणार आणि किती झाडांवर माणूस चढवणार? पी. आर. पिशारोटी या हवामानशास्त्रज्ञांनी तेव्हा वेगळाच मार्ग धरला. कॅमेरा घेऊन हेलिकॉप्टर माडांवरून फिरवायचं. कॅमेऱ्यातली फिल्म साधी नव्हती. डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण ती टिपत होती. निरोगी हिरवं पान हे किरण भरपूर परत फेकतं, आजारलेलं पान कमी. फिल्म धुऊन आली तेव्हा धडधाकट माड एका रंगात आणि रोगट माड दुसऱ्याच रंगात उमटले होते.

भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून मानली जाते. पिशारोटी हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. १५ ऑगस्ट १९६९ रोजी स्थापन झालेली भारतीय अंतराळ संशोधन संस्था, म्हणजे आपली इस्रो, तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होती. स्वतःचा उपग्रह नव्हता, उपग्रह कक्षेत नेऊन ठेवील असा अग्निबाण नव्हता. तरी आकाशातून खाली पाहायची सुरुवात मात्र झाली होती, आणि पाहिलं काय, तर एका शेतकऱ्याचं आजारी झाड.

इस्रोच्या कार्यावरच्या या पुस्तकाची प्रस्तावना मी चंद्रापासून सुरू न करता माडापासून केली, त्यामागे कारण आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम लँडर चंद्रावर उतरलं तेव्हा शाळा, कचेऱ्या, एसटी स्टँड, जिथे पडदा होता तिथे माणसं उभी होती. मीही उभा होतो आणि माझेही डोळे भरून आले होते. पण त्यानंतरच्या काही महिन्यांत व्याख्यानांच्या निमित्ताने गावोगावी फिरताना एक गोष्ट मला जाणवत राहिली. इस्रोचा अभिमान आपल्याकडे उदंड आहे, ओळख त्या मानाने फार थोडी. चंद्रावर यान गेलं हे चौथीतल्या मुलाला ठाऊक आहे. पण त्याच संस्थेने माड पाहिले, गावात दूरचित्रवाणी नेली, वादळाची खबर दिली, रबरासारखं इंधन घडवलं, आणि यातल्या कित्येक कामांत आधी सपाटून मार खाल्ला, हे त्या मुलाच्या शिक्षकांनाही नीट ठाऊक नसतं. अभिमानाला ओळखीची जोड मिळावी, एवढ्याच इच्छेने मी हे लिहितो आहे.

ओळख नसली की आपण चित्रांचा अर्थही चुकीचा लावतो. १९८१ साली ‘अ‍ॅपल’ हा उपग्रह बैलगाडीवर ठेवून नेतानाचं छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेलं असेल. त्याखाली हमखास लिहिलेलं असतं की, बघा, किती गरिबीतून आपण वर आलो. गरिबी होती हे खरं. पण बैलगाडी त्यासाठी आणलेली नव्हती. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या जागी घ्यायची होती आणि धातूच्या ट्रकमुळे रेडिओलहरींच्या मापनात गोंधळ झाला असता. लाकडी, लोखंडाचा भार नसलेलं, हळू चालणारं वाहन हवं होतं. बैलगाडी हे त्या अभियंत्यांनी विचारपूर्वक शोधलेलं उत्तर होतं. त्या चित्राकडे कीव करत पाहणं हा त्यांच्या बुद्धीवर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

थुंबाची कथा पुष्कळदा सांगून झाली आहे, म्हणून ती इथे थोडक्यात. तिरुवनंतपुरमजवळचं हे मच्छीमारांचं गाव निवडलं गेलं ते पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्तरेषा तिथून जाते म्हणून. या रेषेवर सुमारे शंभर किलोमीटर उंचीला वातावरणात विजेचा एक मोठा प्रवाह वाहतो. फुगे तिथवर पोचत नाहीत आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाही. त्या उंचीचा अभ्यास करायचा तर लहान अग्निबाण सोडणं एवढाच उपाय. जागेच्या शोधात ज्यांचा मोठा वाटा होता ते एकनाथ चिटणीस, कोल्हापूरचे. गावातलं सेंट मेरी मॅग्डलिन चर्च आणि भोवतालची जमीन बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या लोकांना विश्वासात घेऊन विज्ञानासाठी देऊ केली. चर्चच्या इमारतीत कार्यालय थाटलं गेलं, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी पहिला अग्निबाण उडाला. अग्निबाण अमेरिकेचा, त्यातलं उपकरण फ्रान्सचं. उंचावर सोडलेल्या सोडियमच्या वाफेचा नारिंगी पट्टा मावळतीनंतरच्या आकाशात दिसला. नासात प्रशिक्षण घेऊन आलेल्या आणि थुंबात राबणाऱ्या पहिल्या तुकडीत अब्दुल कलाम होते, तसे पुण्यात जन्मलेले प्रमोद काळेही होते. काळे पुढे अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे आणि नंतर थुंबाच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. मराठी वाचकाला यातलं कलामांचं नाव तोंडपाठ आहे. चिटणीस आणि काळे ही नावं आपल्या पाठ्यपुस्तकांतही ठळकपणे यायला हवी होती.

मला स्वतःला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण पान वाटतं ते ‘साइट’चं, म्हणजे उपग्रहाने गावांत दूरचित्रवाणी नेण्याच्या प्रयोगाचं. १९७५ साली देशात दूरचित्रवाणी मोजक्या शहरांत होती. एकेका शहरात मनोरे उभारत गावापर्यंत जायचं तर पिढी उलटली असती. विक्रम साराभाईंनी उलटा विचार मांडला होता : गावापासूनच सुरुवात करायची आणि तीही थेट उपग्रहाने. साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी अवघ्या बावन्नाव्या वर्षी गेले. त्यांचा विचार मागे राहिलेल्यांनी प्रत्यक्षात आणला. नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताकडे वळवला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात आंध्र, कर्नाटक, ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत कार्यक्रम दिसू लागले. महाराष्ट्र या सहांत नव्हता, पण प्रयोगाच्या मांडवाखाली चिटणीस आणि काळे दोघेही उभे होते.

उपग्रह नासाचा असला तरी जमिनीवरचं सगळं आपलं होतं, आणि खरी कसोटी जमिनीवरच होती. उपग्रहाचा संदेश झेलायला दहा फूट रुंदीची तबकडी हवी. ती महाग असून चालणार नाही, वाऱ्यात मोडून चालणार नाही आणि बिघडली तर गावाजवळच दुरुस्त व्हायला हवी. अहमदाबादच्या अभियंत्यांनी ती तबकडी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीपासून बनवली. जाळीची भोकं लहरीच्या लांबीपेक्षा पुरेशी लहान असली की त्या लहरीला जाळी पत्र्यासारखीच वाटते. वारा मात्र भोकांतून आरपार निघून जातो. ज्या गावांत वीज नव्हती तिथे संच बॅटरीवर चालवले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि थोडी करमणूक. शाळेच्या किंवा पंचायतीच्या अंगणात गाव जमे. मानववंशशास्त्राचे अभ्यासक महिनोन्‌महिने काही गावांत मुक्काम ठोकून होते, कोण कुठे बसतं, बायका येतात का, दलित वस्तीतली माणसं कुठे असतात, पाहिलेलं कोण करून बघतं, हे टिपून ठेवायला. एका अंतराळ संस्थेने गावाच्या अंगणातल्या बसण्याच्या जागा मोजाव्यात, याचं मला आजही नवल वाटतं. यंत्र माणसापर्यंत पोचलं की नाही हे यंत्राला विचारून कळत नाही, हे या मंडळींनी पहिल्याच मोठ्या प्रयोगात ओळखलं होतं.

वर्ष संपलं, नासाने उपग्रह परत नेला आणि अंगणं पुन्हा रिकामी झाली. पण त्या वर्षाच्या अनुभवावर इन्सॅट मालिकेची आखणी झाली. इन्सॅटची कल्पना जगावेगळी होती : एकाच उपग्रहावर दूरध्वनी, दूरचित्रवाणी आणि हवामानाचा कॅमेरा. श्रीमंत देश या तिन्हींसाठी वेगवेगळे उपग्रह सोडत. आपल्याला एकाच खर्चात तिन्ही हवे होते. १९८२ चा इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये गेलेला इन्सॅट-१बी टिकला, आणि पुढल्या काही वर्षांत देशभर दूरदर्शनची प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली. ज्यांनी रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या ओसरीवर दाटीवाटीने बसून मालिका पाहिल्या, ती आमची सगळी पिढी इन्सॅटची ऋणी आहे.

अग्निबाणांकडे वळताना मी वसंत गोवारीकरांपाशी थांबणार आहे. मराठी घरात हे नाव पावसाच्या अंदाजाशी जोडलेलं आहे. १९८८ पासून वापरात आलेलं सोळा घटकांचं मॉन्सूनचं प्रारूप आपल्याला आठवतं. पण त्याआधीची बरीच वर्षं या माणसाने घन इंधनाला दिली. साराभाईंच्या बोलावण्यावरून ते इंग्लंडमधून थुंबाला आले आणि १९७९ ते १९८५ या काळात तिथल्या केंद्राचे संचालक होते. घन इंधन म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखं आहे. प्राणवायू पुरवणाऱ्या अमोनियम परक्लोरेटची पूड, जळून उष्णता देणारी अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि या दोन्हींना धरून ठेवणारं रबरासारखं द्रव्य. हे सगळं मोठ्या भांड्यात कणकेसारखं मळायचं, कवचात ओतायचं आणि नियंत्रित उष्णतेत घट्ट होऊ द्यायचं. मळताना हवेचा बुडबुडा राहिला, घट्ट होताना एखादी चीर गेली, तर जळताना त्या जागी आगीला अचानक जास्त पृष्ठभाग मिळतो, दाब वाढतो आणि कवच फुटतं. द्रव इंधनाचं इंजिन बंद करता येतं. घन इंधन एकदा पेटलं की संपेपर्यंत जळतच राहतं. म्हणजे सगळी चूक आधीच, मळतानाच, टाळायला हवी.

ही विद्या कुणी शिकवायला तयार नव्हतं, कारण क्षेपणास्त्रं याच इंधनावर उडतात. थुंबात ती प्रयोगागणिक घडवावी लागली. ते रबरासारखं, बांधून ठेवणारं बहुवारिकसुद्धा आपल्याच प्रयोगशाळेत तयार झालं. सुरुवातीच्या अग्निबाणांत काही किलो इंधन असे. आज पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन असतं, आणि चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ च्या दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांत प्रत्येकी २०० टनांहून अधिक. ती पोलादी कवचं बनवणाऱ्यांत इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आहे. साखर कारखान्याभोवती वसलेलं, साखरेची यंत्रं घडवणारं हे गाव आज अग्निबाणांच्या कवचाचे भाग घडवतं. द्रव इंधनावरच्या विकास इंजिनांचं काम मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात होतं. श्रीहरिकोट्याहून अग्निबाण झेपावतो तेव्हा त्यात आपल्या भागातल्या फिटर-वेल्डरचे हात असतात, हे इथल्या आयटीआयच्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

आता अपयशांविषयी. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या आपल्या पहिल्या उपग्रहवाहक अग्निबाणाचं पहिलं उड्डाण ३१७ सेकंदांत बंगालच्या उपसागरात संपलं. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन यांनी पत्रकारांपुढे जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली, आणि १८ जुलै १९८० रोजी यश मिळालं तेव्हा बोलायला कलामांना पुढे केलं. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे आणि तो आहेच तेवढा मोठा. पण पुढच्या एएसएलव्हीविषयी कोण बोलतं? १९८७ मध्ये तो पडला, १९८८ मध्ये पुन्हा पडला, आणि १९९२ मध्ये कुठे उपग्रह कक्षेत गेला. त्यानंतरचा पीएसएलव्ही २० सप्टेंबर १९९३ रोजी पहिल्याच उड्डाणात अपयशी ठरला. कारणांत संगणकाच्या आज्ञावलीतली एक चूक होती. वर्षभराने, १५ ऑक्टोबर १९९४ रोजी, तोच अग्निबाण यशस्वी झाला, आणि पुढे त्याच मालिकेने चांद्रयान-१, मंगळयान आणि १५ फेब्रुवारी २०१७ रोजी एकाच उड्डाणात १०४ उपग्रह नेले. एएसएलव्हीच्या दोन अपघातांत उड्डाणावेळच्या नियंत्रणाविषयी जे शिकायला मिळालं ते पीएसएलव्हीत उतरलं. म्हणून पीएसएलव्हीचं कौतुक करताना मला नेहमी तो विस्मृतीत गेलेला एएसएलव्ही आठवतो.

क्रायोजेनिक इंजिनाची गोष्ट तर दोन दशकांच्या चिवटपणाची आहे. जड उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर न्यायचा तर वरच्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप ऑक्सिजन जाळणं सर्वांत लाभाचं. अडचण अशी की हायड्रोजन द्रवरूप ठेवायचा तर उणे २५३ अंश लागतात, ऑक्सिजनला उणे १८३. त्या थंडीत नेहमीचे धातू ठिसूळ होतात, वंगण गोठतं, सांधे आकसून गळू लागतात. आणि त्याच इंजिनात, हातभर अंतरावर, काही हजार अंशांची आग. मधले पंप मिनिटाला हजारो फेरे घेत असतात. १९९१ साली सोव्हिएत संस्थेशी इंजिन आणि त्याचं तंत्रज्ञान घेण्याचा करार झाला. १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रोवर आणि त्या संस्थेवर निर्बंध घातले, आणि पुढच्या वर्षी रशियाने तंत्रज्ञान देण्यातून माघार घेतली. तयार इंजिनं मिळाली. ती कशी करायची ते मिळालं नाही. १९९४ साली या प्रकल्पाची धुरा वाहणारे नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली अटक झाली. त्यांच्यावर झालेला अन्याय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य करून ५० लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. चोवीस वर्षं. एका अभियंत्याच्या उमेदीची भरपाई त्या रकमेत होत नाही, आणि देशाने ही गोष्ट विसरू नये.

१५ एप्रिल २०१० रोजी स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचं पहिलं उड्डाण फसलं. ऑगस्ट २०१३ मध्ये पुढचा प्रयत्न उड्डाणाला सव्वा तास उरला असताना इंधनगळतीमुळे थांबवावा लागला. अखेर ५ जानेवारी २०१४ रोजी आपल्या इंजिनाने उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. आणि ३० जुलै २०२५ रोजी नासा आणि इस्रो यांनी मिळून बांधलेला ‘निसार’ हा अत्यंत महागडा उपग्रह अवकाशात गेला तो जीएसएलव्ही या अग्निबाणावर, आपल्या क्रायोजेनिक टप्प्याच्या बळावर. ज्या देशाने हे तंत्रज्ञान आपल्याला मिळू दिलं नव्हतं, त्याच देशाने आपला उपग्रह विश्वासाने त्याच्यावर ठेवला. कुणाविषयी कडवटपणा न ठेवता मिळवलेलं यापेक्षा मोठं उत्तर मला ठाऊक नाही.

चंद्राविषयी आता बोलायला हरकत नाही. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चांद्रयान-१ वरच्या नासाच्या उपकरणाने चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा टिपल्या, आणि चंद्र कोरडा ठणठणीत आहे ही जुनी समजूत बदलली. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम उतरता उतरता हरवला. पुढे संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितलेली कारणं अशी : इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा थोडा जास्त पडला, त्यामुळे चुका साठत गेल्या, त्या दुरुस्त करायला यानाला झटकन वळायला हवं होतं, पण वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली होती, आणि उतरायला दिलेली जागा अवघी अर्धा किलोमीटर लांब-रुंद होती. चार वर्षांनी चांद्रयान-३ ची बांधणी करताना प्रश्न उलटा विचारला गेला. सगळं ठीक झालं तर कसं उतरायचं हा विचार मागे ठेवून, काय काय बिघडू शकेल आणि तरीही कसं उतरायचं, याची यादी झाली. उतरायची जागा चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटरच्या आसपास रुंद झाली. मधलं पाचवं इंजिन काढलं, इंधन वाढवलं, पाय मजबूत केले, आडवा वेग मोजायला लेसरचं नवं उपकरण बसवलं. ६९ अंश दक्षिणेजवळ विक्रम उतरला, त्यातलं प्रज्ञान हे २६ किलोचं फिरतं वाहन शंभरेक मीटर चाललं आणि तिथल्या मातीत गंधक असल्याचं त्याने प्रत्यक्ष तपासून सांगितलं.

मंगळयानावर मी इथे फार लिहीत नाही. यान मंगळाच्या कक्षेत शिरलं ती २४ सप्टेंबर २०१४ ची सकाळ वाचकांच्या आठवणीत ताजी आहे. शुद्ध विज्ञानाच्या मोहिमांकडे मात्र लक्ष वेधायला हवं, कारण त्यांना टाळ्या कमी मिळतात. २०१५ मध्ये गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या दुर्बिणीवरची क्ष-किरणांची महत्त्वाची उपकरणं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनली. सप्टेंबर २०२३ मध्ये निघून जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पोचलेल्या आदित्य-एल१ वरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’त घडली. जयंत नारळीकरांनी उभारलेली ही संस्था पुण्यातल्या कुठल्याही शाळेपासून एका बसच्या अंतरावर आहे.

कौतुक करणाऱ्याला तक्रार करण्याचाही हक्क असतो, म्हणून दोन गोष्टी लिहितो. इस्रोची गती कमी पडते आहे. गेल्या काही वर्षांत वर्षाकाठी पाच-सात उड्डाणं होत आहेत. जुने उपग्रह निवृत्त होतात त्या वेगाने नवे जात नाहीत. आपल्या स्वतःच्या दिशादर्शन प्रणालीतल्या काही उपग्रहांची अणुघड्याळं बंद पडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गेलेला तिचा नवा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. वर्षाला सुमारे १३ हजार कोटी रुपये एवढ्या निधीत माणसाला अवकाशात नेण्याची तयारी आणि नेहमीची कामं दोन्ही पेलायची, हे ओढाताणीचं आहे हे मान्य. दुसरी गोष्ट मला अधिक खुपते. चांद्रयान-२ च्या अपघाताचा सविस्तर अहवाल लोकांपुढे ठेवला गेला नाही. जी संस्था अपयशातून शिकण्यात जगात अग्रेसर ठरावी, तिने आपलं शिकणं उघड करायला कचरू नये. अभियांत्रिकीच्या हजारो विद्यार्थ्यांना त्या अहवालाइतकं चांगलं पाठ्यपुस्तक दुसरं मिळणार नाही. १९७९ मध्ये धवन यांनी दाखवलेला मोकळेपणा ही या संस्थेची पूर्वापार पुंजी आहे, ती जपली पाहिजे.

पुन्हा माडांकडे येतो. माझं आजोळ श्रीवर्धनकडचं, नारळी-सुपारीच्या वाडीचं. आजी सांगायची, समुद्राचा आवाज बदलला की वादळ येणार हे समजायचं. पण आवाज बदलेपर्यंत होड्या लांब गेलेल्या असायच्या. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. ताशी ११०-१२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने वाड्या झोपवल्या. काही महिन्यांनी गेलो तेव्हा मामाच्या वाडीत पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या पडल्या होत्या. पंधरा-वीस वर्षांचं उत्पन्न गेलं होतं. पण घरातली सगळी माणसं होती, गावातल्या होड्या आधीच वर ओढलेल्या होत्या, आणि संपूर्ण किनाऱ्यावर मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. कमी दाबाचा पट्टा अरबी समुद्रात तयार होत असल्यापासून इन्सॅट-३डी आणि ३डीआर त्याच्यावर नजर ठेवून होते. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली होती. तिथेच २०१३ मध्ये आलेल्या फायलिन चक्रीवादळात, दहा लाखांच्या आसपास लोक वेळेत हलवल्यामुळे, तो आकडा पन्नासच्या आसपास राहिला. यात हवामान खात्याचा आणि जिल्हा प्रशासनाचा वाटा मोठा आहे, एकट्या इस्रोचा नाही. तरी ढगांचं ते पहिलं चित्र वरून येतं.

मामाच्या गावातले मच्छीमार आज माशांच्या संभाव्य ठिकाणांची सूचना पाहून निघतात. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे पाण्याचा रंग बदलतो, जिथे त्या दाट तिथे मासा. ओशनसॅट उपग्रह तो रंग टिपतात, इतर उपग्रहांकडून पाण्याचं तापमान मिळतं, आणि हैदराबादची सागरी माहिती सेवा संस्था त्यावरून स्थानिक भाषांत सूचना देते. पिशारोटींनी माडाच्या शेंड्याचा रंग पाहिला होता. हा समुद्राचा रंग पाहणंच आहे. डिझेल वाचतं, फेरी वाया जात नाही. मामाच्या शेजारच्या तांडेलाला इस्रो या शब्दाशी काही देणंघेणं नाही, पण सूचना केव्हा येते हे त्याला पक्कं माहीत आहे.

एकनाथ चिटणीस २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात वारले. त्याच वर्षी त्यांनी वयाची शंभरी पूर्ण केली होती. गोवारीकर २०१५ मध्ये गेले. थुंबा, अहमदाबाद, श्रीहरिकोटा इथे पहिल्या दोन दशकांत राबलेली पिढी आता आपल्यातून जाते आहे. तिच्यातली कितीतरी कुटुंबं पुण्या-कोल्हापुरात, ठाण्या-डोंबिवलीत, नागपुरात स्थायिक झालेली आहेत. त्यांच्या घरांत पत्रं असतील, रोजनिश्या असतील, उड्डाणाच्या दिवशीचे फोटो असतील, मराठीत लिहिलेल्या नोंदी असतील. अशा घरांतल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे : आजोबांची ती पेटी रद्दीत घालू नका. त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून घ्या, आवाज मुद्रित करा, आणि जे हाती लागेल ते जवळच्या ग्रंथालयात किंवा विज्ञानसंस्थेत जमा करा.